न मिळालेल्या पैशाची चौकशी

सुट्टीला कोल्हापुरात आले की चप्पल काढायच्या आत गल्लीतलं कुणीतरी विचारतंच, "काय गं, कुठला शेअर घ्यावा सध्या?" गल्लीच्या लेखी मी ‘शेअर मार्केटात’ आहे. मुंबईत एका सार्वजनिक संस्थेच्या गुंतवणूक विभागात विश्लेषक आहे, लोकांच्या म्हातारपणाचा पैसा कुठं ठेवावा आणि कुठं ठेवू नये हे कागदावर मांडायचं काम करते, असं एकदा नीट बसून सांगितलं होतं. त्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे बँकेतच की!" मग मीही ‘व्हय, तसंच’ म्हणून विषय मिटवला. शेअरच्या बाबतीत तर आमच्यासारख्यांना उलट बंधनंच जास्त. स्वतःसाठी घ्यायचा म्हटला तरी आधी ऑफिसला कळवायचं, परवानगी काढायची, घेतला की लगेच विकायचा नाही. गल्लीत शेअरचा सल्ला द्यायला सगळ्यात निरुपयोगी माणूस मीच.

माझ्या टेबलावर शेअर येतातही कमी. येतात ते रोखे, म्हणजे ठरल्या व्याजानं घेतलेल्या कर्जाचे कागद. केंद्र सरकारचे, राज्यांचे, सरकारी कंपन्यांचे, बँकांचे, क्वचित एखाद्या महापालिकेचे. त्यांचे वार ठरलेले असतात. मंगळवारी राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव, बुधवारी 91, 182 आणि 364 दिवसांची ट्रेझरी बिलं (केंद्राचं कमी मुदतीचं कर्ज), शुक्रवारी केंद्राचे लांब मुदतीचे रोखे. लिलाव रिझर्व्ह बँक घेते. आपल्या महाराष्ट्राचा रोखा मंगळवारच्या यादीत गुजरात, तामिळनाडूच्या शेजारी बसलेला असतो आणि त्याचा दर शेजाऱ्यापेक्षा शतांश टक्क्यानं इकडंतिकडं झाला तरी आमच्याकडं त्यावर चहा गार होईस्तोवर चर्चा चालते.

हा पैसा कुणाचा, हे मला पुस्तकातनं शिकावं लागलं नाही. आबा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे वाळूचे साचे करायचे. काळी वाळू, भट्टीची धग आणि महिन्याच्या पगारातनं कापला जाणारा ‘फंड’. कायद्यानं कामगाराचे 12 टक्के, मालकाचे 12 टक्के. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शनकडं वळतात आणि उरलेले 3.67 फंडात पडतात. आबांना ही आकडेमोड कधीच ठाऊक नव्हती. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की थोरल्या ताईच्या लग्नात फंडातनं उचल मिळाली आणि रिटायर झाल्यावर जो निघाला त्यातनं घरावर वरचा मजला चढला. मी जिथं आहे तिथला पैसा नेमका आबांच्या फंडातला नाही, पण जातकुळी तीच. महिन्याला थोडा थोडा आलेला, ज्याचा आहे त्याला न विचारता कापलेला, आणि ज्याचा धनी आमच्या दारात येऊन ‘दाखवा माझा हिशेब’ म्हणायची शक्यता जवळजवळ नाही असा. खासगी फंडाचा मॅनेजर चुकला तर गिऱ्हाईक पैसे काढून दुसरीकडं जातं. इथला माणूस जाणार कुठं?

म्हणून नियम बांधून दिलेत. भविष्यनिर्वाह निधीच्या ट्रस्टसाठी 2015 साली केंद्रानं गुंतवणुकीचा जो आकृतिबंध आणला त्यात निम्म्याच्या आसपास पैसा सरकारी रोख्यांत, शेअरला 5 ते 15 टक्के, कंपन्यांच्या रोख्यांना किमान ‘एए’ पतमानांकन, म्हणजे परतफेडीच्या खात्रीचा दर्जा, आणि तोही दोन मानांकन संस्थांचा. इतकं सगळं आधीच ठरलेलं असेल तर विश्लेषक करतो काय, असं आमच्या घरच्यांनाही वाटतं.

तो वाचतो. एका राज्याच्या महामंडळाचा रोखा आमच्याकडं येतो तेव्हा पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असतं: राज्य शासनाची बिनशर्त आणि अपरिवर्तनीय हमी. विकणारा तेवढंच पान पुढं करतो. आमचं काम मागच्या पानांपासून सुरू होतं. हमी मुद्दलाची आहे की मुद्दल आणि व्याज दोन्हींची? हमीपत्रावर सही झाली आहे, की मंत्रिमंडळाचा नुसता ठराव जोडलाय? व्याजाच्या तारखेच्या किती दिवस आधी एस्क्रो खात्यात (फक्त या परतफेडीसाठी राखलेल्या) पैसे भरले पाहिजेत, आणि ते नाही भरले तर विश्वस्तानं हमी कोणत्या दिवशी वाजवायची, म्हणजे राज्याकडं पैसे मागायचे? ती वाजवल्यावर राज्यानं किती दिवसांत पैसे द्यायचे, आणि ते दिवस व्याजाच्या तारखेच्या अलीकडं संपतात की पलीकडं? हा शेवटचा हिशेब मी बोटांवर करते. चुकून पलीकडं गेला तर कागदावर हमी असूनही रोखा थकीत धरला जाईल. आणि काही वेळा सगळी पानं उलटल्यावर कळतं, की हमी नाहीच. नुसतं ‘लेटर ऑफ कम्फर्ट’, म्हणजे पाठीशी असल्याचं दिलाशाचं पत्र आहे. त्यावर बहुतेक वेळा कोर्टात कुणाला उभं करता येत नाही.

महापालिकेचा रोखा वाचायला मला विशेष आवडतं. पुणे महापालिकेनं 2017 साली पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे काढले, 7.59 टक्क्यांनी. तो कागद वाचताना माझं डोकं कोल्हापुरातच होतं. घरफाळ्याची मागणी किती, वसुली किती, थकबाकीत किती जुनी येणी नुसती पुढं ओढत आणलीत, पाणीपट्टीतनं पाणी उपशाचं वीजबिल तरी निघतं का, स्वतःचं उत्पन्न किती आणि शासनाच्या अनुदानावर भिस्त किती. पेठेतल्या माणसाला आपल्या गावाबद्दल हे सगळं कट्ट्यावर बसून माहीत असतं. फक्त त्याला त्या ज्ञानाचा पगार मिळत नाही.

मागच्या सुट्टीत गावातल्या एका कॉलेजनं ‘करिअर मार्गदर्शना’ला बोलावलं. कॉमर्सची पोरं, निम्म्याहून जास्त मुली, बऱ्याच कागल-मुरगूडकडनं एसटीनं येणाऱ्या. पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, सीएफए केलं की गव्हर्मेंटमध्ये लागतं का?"

नाही लागत, असं सांगितल्यावर चेहरे पडले. पण ते सांगणं गरजेचं होतं, कारण क्लासवाले उलट सांगतात. सीएफए ही गुंतवणूक विश्लेषकांची परदेशी परीक्षा. तिच्या तीन पायऱ्या, शिवाय 4000 तासांचा अनुभव, फी डॉलरमध्ये. परीक्षा उत्तम आहे, रोख्याचं गणित त्याहून नीट क्वचितच कुठं शिकवत असतील. पण सार्वजनिक क्षेत्राचं दार बहुतेक वेळा भरतीच्या परीक्षेतनंच उघडतं. रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी, शेअर बाजाराची नियामक सेबी, नाबार्ड, पेन्शन नियामकाची ग्रेड ए, भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या अधिकारीपदासाठी थेट यूपीएससी, एलआयसीची एएओ, बँकांच्या स्पेशालिस्ट ऑफिसरच्या जागा. सेबीच्या जाहिरातीत पदव्युत्तर पदवी, कायदा, इंजिनिअरिंग, सीए, सीएस, सीएमए, सीएफए अशी सगळी माणसं एकाच ओळीत उभी केलेली असतात. तुम्ही लागता ते अधिकारी म्हणून. गुंतवणुकीचं टेबल पुढं कधी मिळतं, कधी मिळतच नाही. मला मिळालं त्यात माझ्या गुणांइतकाच तेव्हाच्या बदल्यांच्या यादीचाही हात असणार. टेबल मिळाल्यावर मग बँकिंगची सीएआयआयबी परीक्षा, ट्रेझरीचा डिप्लोमा, रोखे बाजाराचं शिक्षण देणाऱ्या एनआयएसएमची प्रमाणपत्रं असं एकेक लागत जातं. काही ती बढतीसाठी करतात, काही खरोखर शिकायला. दोघांच्या भिंतीवरची फ्रेम सारखीच दिसते.

मागच्या बाकावर एक मध्यमवयीन गृहस्थ बसले होते, मुलीला सोडायला आलेले. कुठल्याशा पतसंस्थेत नोकरी, जीडीसी अँड ए झालेले. कोल्हापुरात या परीक्षेचं वजन बाहेरच्याला कळायचं नाही. सहकार खात्याची ही पदविका काढून कितीतरी माणसं सोसायट्या आणि पतसंस्थांची दप्तरं तपासत आली आहेत. ते हात वर करून म्हणाले, "मॅडम, आम्ही ताळेबंद हातात आला की नफा बघत नाही. आधी ‘येणे व्याज’ बघतो." 

मी तिथंच थांबले आणि पोरांना म्हटलं, हे लिहून घ्या. कर्जदारानं व्याज भरलेलं नसतं, पण पुस्तकात ते उत्पन्न म्हणून जमा झालेलं असतं आणि पलीकडं ‘येणे’ म्हणून दिसत राहतं. नफा वाढतोय, लाभांश वाटला जातोय, आणि येणे व्याज त्याहून वेगानं फुगतंय, म्हणजे संस्था न मिळालेल्या पैशावर जेवतेय. मोठ्या कंपन्यांच्या इंग्रजी ताळेबंदात हीच गोष्ट वेगळ्या नावानं, वेगळ्या टीपेत दडलेली असते. नफा इतका आणि रोकड कुठाय, हा प्रश्न मात्र तोच. त्या गृहस्थांना सीएफए माहीत नव्हतं. पण माझ्या शेजारच्या टेबलावर ते उद्यापासून बसले असते तर मला आनंदच झाला असता.

जास्त व्याज देणाऱ्या कागदाचं काय, असंही एकानं विचारलं. त्याला मार्केट यार्डातल्या गूळ बाजारात जाऊन यायला सांगितलं. सौद्यात गुळाचा फार पिवळाधमक रवा (ढेप) दिसला की मुरलेला व्यापारी आधी रंग आणायचं हायड्रॉस हे रसायन किती मारलंय याचा वास घेतो, रंग मागाहून. ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं मानांकन, आणि वर शेजारच्या ट्रिपल एपेक्षा अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याज, हा तसलाच रवा. 2018 च्या ऑगस्टपर्यंत पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस कंपनीच्या कागदाला उत्तम मानांकन होतं. सप्टेंबरात ते ‘डी’वर आलं, म्हणजे थकीत. मधल्या बहुतेक पायऱ्या उतरायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या कितीतरी ट्रस्टांचे पैसे त्यात होते, कारण मानांकन नियमात बसत होतं. नियमात बसणं आणि वाचून घेणं यात किती अंतर असतं, ते त्या महिन्यात सगळ्यांना दिसलं.

आणि सरकारी नाव असलं म्हणजे वाचायचं नाही असंही नाही. आमच्या गल्लीतल्या रिटायर मास्तरांची युनिट ट्रस्टच्या यूएस-64 या योजनेवर देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. युनिट ट्रस्ट म्हणजे सरकारच, असा हिशेब. त्या योजनेच्या युनिटचा भाव ट्रस्ट जाहीर करायचा. आत असलेल्या मालाच्या किमतीशी तो बांधलेला नव्हता. हे गुपित नव्हतं, लिहिलेलंच होतं. 2 जुलै 2001 ला युनिटची खरेदी-विक्री थांबवली तेव्हा मास्तरांना पहिल्यांदा कळलं, की जाहीर भाव आणि खरा भाव ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पुढं सरकारला मदतीला धावावं लागलं आणि 2003 मध्ये ट्रस्टचे दोन तुकडे झाले.

याच्या उलटी गंमत मामांची. ते एका नागरी बँकेत संचालक आहेत. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उधार देते तो, 2020 च्या 4 टक्क्यांवरनं 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहावर गेला, त्या काळात त्यांचा वैतागून फोन आला. "सरकारी रोख्यात पैसे ठेवलेत, सरकार बुडालेलं नाही, मग हा ऑडिटर तोटा कशाचा दाखवतोय?" मामांना सांगितलं, तुमच्याकडं 6 टक्के देणारा दहा वर्षांचा कागद आहे; बाजारात आता 7 टक्के देणारा मिळतो. तुमचा कागद 100 ला कोण घेईल? गणित केलं तर 93 च्या आसपास बसतं. मुदत संपेपर्यंत धरून ठेवला तर पूर्ण 100 मिळतील, पण मधेच विकायची पाळी आली तर हे 7 रुपये खरोखर जातील. मामा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे मीटिंगमध्ये येऊन सांगशील का?" माझ्या नोकरीचा निम्मा भाग हाच आहे, पण भाच्यांना मीटिंगचा भत्ता नसतो.

इथवरचं सगळं सांगायला सोपं. कॉलेजात जे सांगितलं नाही ते आता लिहिते.

आमच्या कामात फाईलवर दोनच शेवट असतात, घ्यावं किंवा घेऊ नये. ‘घ्यावं’ लिहिलं आणि पैसे अडकले, तर पाच वर्षांनी ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, लागतो, माहिती अधिकारात कागद मागितले जातात, तेव्हा बढती होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या माणसालाही बोलावून विचारतात की या वाक्याचा आधार काय. हे योग्यच आहे. लोकांचा पैसा आहे, विचारलंच पाहिजे. पण ‘घेऊ नये’ लिहिलं आणि तो कागद पुढं सोन्यासारखा निघाला, तर? कुणी विचारत नाही. न मिळालेल्या पैशाला ना खातं, ना ऑडिटर. मग काही वर्षांत माणूस आपोआप काय शिकतो ते सांगायला नको. नकाराला जोखीम नसते, तेव्हा लेखणी नकाराकडं झुकते. आणि वरनं त्याला सावधगिरी असं चांगलं नाव मिळतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या फंडाचंच आहे. संघटित कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतला पैसा शेअर बाजारात जावा की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. कामगार संघटनांचा विरोध होता. शेवटी 2015 च्या ऑगस्टमध्ये पहिला पैसा गेला, तोही ईटीएफमधनं (बाजाराच्या निर्देशांकामागं चालणाऱ्या फंडातनं) आणि नव्यानं येणाऱ्या रकमेच्या 5 टक्के. पुढच्या वर्षी 10, त्याच्या पुढच्या वर्षी 15. सेन्सेक्स 2003 च्या सुरुवातीला तीन-साडेतीन हजारांच्या घरात होता. 2015 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला 28 हजारांच्या घरात. मधल्या बारा वर्षांत त्यातला थोडासा हिस्सा जरी शिरोलीच्या मोल्डरांच्या खात्यावर लागला असता तर किती फरक पडला असता, याचा पॅरा कुठंही लागलेला नाही. पण विरोध करणारे वेडे होते असंही मी म्हणणार नाही. 2008 च्या जानेवारीत 21 हजार पाहिलेला तोच सेन्सेक्स 2009 च्या मार्चमध्ये आठ हजारांच्या आसपास होता. त्या मार्चमध्ये रिटायर झालेल्या माणसाला ‘दीर्घ मुदतीत वाढतो’ हे वाक्य ऐकवायला मी गेले नसते. माझी तक्रार निर्णयावर नाही. नकाराची किंमत त्या फाईलवर कुणी आकड्यात लिहिलीच नाही, यावर आहे.

या विचारात असले की मला राधानगरी आठवतं, आणि हे नुसत्या गावाच्या प्रेमापोटी नाही. शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचं काम काढलं. पैशाअभावी ते मधेच थांबलं. 1922 साली महाराज गेले, आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. आज तो प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर? एका छोट्या संस्थानाचं उत्पन्न, खर्च आवाक्याबाहेर, पूर्ण होण्याची तारीख अनिश्चित, परतावा चाळीस वर्षांनी. सात टक्के दर धरला तर 40 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत भरते सुमारे 6 रुपये 70 पैसे. मी प्रामाणिकपणे, सगळी कोष्टकं जोडून, ‘शिफारस करता येत नाही’ असं लिहिलं असतं आणि ती नोट ऑडिटला बिनचूक ठरली असती. भोगावतीकाठचा ऊस मात्र त्या नोटेत कुठंच दिसला नसता, कारण तेव्हा तो उगवलेला नव्हता.

अर्थात धरण हे राज्यकर्त्याचं काम आणि पेन्शनचा पैसा हे विश्वस्ताचं. महाराज स्वतःच्या अधिकारात जोखीम घेत होते. मी दुसऱ्याच्या म्हातारपणावर जोखीम घेऊ शकत नाही. हा फरक मी विसरत नाही. तरी चाळीस वर्षांनी रिटायर होणाऱ्या पोराचा पैसा दहा वर्षांपलीकडं बघायला घाबरत असेल, तर कुणाच्या तरी सोयीसाठी घाबरतोय, एवढं म्हणायला हरकत नसावी.

म्हणून हल्ली मी प्रत्येक नोटेच्या शेवटी एक परिच्छेद घालते: ‘प्रस्ताव न स्वीकारल्यास’. पैसा त्याऐवजी कुठं जाईल, किती टक्क्यानं जाईल, फरक किती, तो किती वर्षं साचत राहील. दहापैकी नऊ वेळा त्या परिच्छेदानं निर्णय बदलत नाही. नकार तो नकारच राहतो, आणि बहुतेक वेळा राहायलाच हवा. पण निदान त्याच्यासमोर एक आकडा बसतो. पहिल्यांदा ती नोट वर गेली तेव्हा आमच्या साहेबांनी बोलावून विचारलं, "हा परिच्छेद कुठल्या नमुन्यात आहे?"

"कुठल्याच नाही, सर."

त्यांनी चष्मा वर करून पुन्हा वाचला. "मग उद्या हाच आकडा धरून कुणी विचारलं, की माहीत असून का घेतलं नाही?"

"तर उत्तर वरच्या चार पानांत आहे, सर."

"चार पानं कुणी वाचत नाही," साहेब म्हणाले. "राहू दे. पण दोन ओळींत आण."

आता दोन ओळींत आणते. दुसऱ्या ओळीत आकडा असतो.